सात टक्के पुढे

६ जानेवारी, सोमवार

आजपासून मी प्लॅनर. साहेबांनी सकाळी केबिनमध्ये बोलावलं, दार लावायला सांगितलं आणि म्हणाले, साइटवर उन्हातान्हात फिरणं आता पुरे, आत बसा आणि शेड्यूल सांभाळा. मी लगेच हो म्हटलं. इतकी वर्षं साइट इंजिनिअर म्हणून काढल्यावर शेवटी कोणाच्या तरी लक्षात आलं की हा माणूस पुढचं बघणारा आहे. गेल्या महिन्यात कपडे बदलायच्या एका खोलीला दाराची जागा न सोडता चारही भिंती उभ्या राहिल्या आणि त्या कागदावर माझी सही होती. त्याचा या बढतीशी काही संबंध नसावा.

जागा सध्या तात्पुरती. एप्रिलमध्ये क्लायंट शेड्यूल तपासणार. ते पास झालं की मी कायमचा प्लॅनर, याच शहरात. नाही झालं तर परत साइट इंजिनिअर, आणि पुढची साइट डोंगरात, बोगद्याची. तिथे कुटुंब नेता येत नाही. म्हणजे मुलीला मावशीकडे राहावं लागेल. मेव्हणीने तिच्यासाठी एक खोली रिकामी करायला घेतलीसुद्धा आहे. हौशी बाई. उगाच दमतेय.

संकल्प: रोज पाचला उठणे. प्लॅनिंगच्या सर्टिफिकेटची परीक्षा जूनमध्ये देणे. ही रोजनिशी न चुकता लिहिणे.

७ जानेवारी, मंगळवार

पावणेआठला उठलो. पहिला दिवस धरत नाहीत.

८ जानेवारी, बुधवार

काम समजून घेतलं. आम्ही बांधतोय ती इमारत पोहण्याच्या तलावाची. छोटी-मोठी मिळून साडेआठशे कामं. प्रत्येक काम किती दिवसांचं आणि कशानंतर होणार, एवढं भरलं की शेवटची तारीख सॉफ्टवेअर स्वतःच काढतं. सोपं आहे. लोक उगाच या विषयाला घाबरतात.

सॉफ्टवेअर सगळ्यात आधी कॅलेंडर मागतं, म्हणजे आठवड्यात काम कधी आणि सुट्टी कधी. मागे शिकताना मी माझं एक करून ठेवलं होतं, रविवार सुट्टी, गुरुवार सुट्टी. तेच जोडून टाकलं. चांगला प्लॅनर तयार असलेली गोष्ट पुन्हा करत बसत नाही.

गुरुवार माझा असतो. ही आजारी होती तेव्हा दोन वर्षं दर गुरुवारी हॉस्पिटल असायचं, म्हणून साहेबांनी सूट दिली होती. ही गेल्यावर ती सूट कोणी परत मागितली नाही आणि मीही विषय काढला नाही. गुरुवारी मी हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये बसून परीक्षेचा अभ्यास करतो. घरी लक्ष लागत नाही. तिथला चहा बरा असतो आणि काउंटरवरचा माणूस ओळखीचा आहे.

१५ जानेवारी, बुधवार

साइट इन-चार्जशी बैठक. त्याला सगळे ‘होऊन जाईल’ म्हणतात, कारण दुसरं काही तो बोलत नाही. तलावाच्या टाइल्सना किती दिवस लागतील असं विचारलं. म्हणाला, होऊन जाईल. मी म्हटलं, तरी किती दिवस. म्हणाला, लिहा तुमच्या मनाने, होऊन जाईल. मी वीस लिहिले. वॉटरप्रूफिंगचे पंधरा. तो मान डोलवत होता आणि फोनवर कोणाशी तरी पंपाबद्दल भांडत होता.

टीमला विश्वासात घेऊन शेड्यूल करणं यालाच म्हणतात.

२२ जानेवारी, बुधवार

शेड्यूल पूर्ण. प्रिंट काढली. भिंतीवर मावेना, म्हणून वरचा भाग छतावर चिकटवला आणि खालचा वॉटर कूलरच्या मागे गेला. रंग सुरेख आले आहेत. होऊन जाईल बराच वेळ बघत उभा होता. मग म्हणाला, ते खिळ्यावर टांगलेलं माझं हेल्मेट कुठे गेलं. हेल्मेट कागदाच्या मागेच राहिलं होतं. तिथे आता थोडा फुगवटा दिसतो. मार्चच्या सुमारास.

पाचला उठणं सोमवारपासून.

३१ जानेवारी, शुक्रवार

क्लायंटने शेड्यूल मंजूर केलं, शेवटच्या तारखेसकट. एकही प्रश्न आला नाही. आता एप्रिलची सविस्तर तपासणी तेवढी बाकी. साहेब म्हणाले, चला, एक काम संपलं. मला वाटलं होतं, अजून काहीतरी म्हणतील.

पहिला रिपोर्ट काढला. आम्ही शेड्यूलच्या एक टक्का पुढे आहोत. प्लॅनर बसवून महिनासुद्धा झालेला नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

करिअर वाढवायचं तर लोकांना आपण दिसलो पाहिजे, असं परीक्षेच्या पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात आहे. (दुसरं चालू आहे. गेले तीन आठवडे चालू आहे.) म्हणून ऑनलाइन प्रोफाइल केलं. फोटो हवा होता. नीट शर्टातला माझा एकच फोटो सापडला, त्यात ही शेजारी उभी आहे. कापून घेतला. खांद्यावरचा हात मात्र राहिला, तो काढला की माझा कानही जातो.

मुलीने बघितला. बराच वेळ बघितला. मग म्हणाली, “बाबा, हात दिसतोय.”

मी म्हटलं, राहू दे, टीमवर्क वाटतं.

ती आत गेली. नववीत गेल्यापासून जरा आत-आतच असते.

९ फेब्रुवारी, रविवार

घरातही शेड्यूल लावून बघितलं. प्लॅनरने सुरुवात स्वतःपासून करावी. रात्रीच्या जेवणाची कामं तोडून लिहिली आणि जोडली. बटाटे उकडल्यानंतर सोलणे, सोलल्यानंतर चिरणे, चिरल्यानंतर गॅस पेटवणे. लिहून झाल्यावर लक्षात आलं, गॅस पेटवल्याशिवाय बटाटे उकडत नाहीत. म्हणजे काम एकमेकांत अडकून गोल फिरतं. सॉफ्टवेअरने हे लगेच पकडलं असतं. कागदावर केल्यामुळे राहून गेलं.

मग मुलीच्या परीक्षेचं शेड्यूल करायला घेतलं. तिला समजावलं की ज्या कामाला उशीर झाला तरी बाकी काही अडत नाही, त्याच्याकडे फ्लोट असतो, आणि तिच्या भूगोलाकडे बराच फ्लोट आहे. ती म्हणाली, भूगोलाचा पेपर उद्या आहे.

अंडी उकडून खाल्ली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

चार टक्के पुढे!

हे असं उगाच होत नाही. दर शुक्रवारी मी पुढच्या आठवड्याच्या कामांची यादी साइटला पाठवतो. होऊन जाईल ती वाचतो का, असं विचारलं. म्हणाला, प्रिंट काढून ठेवतो. स्टोअरमध्ये गेलो तेव्हा माझ्या यादीत स्क्रू गुंडाळलेले दिसले. म्हणजे यादी साइटच्या कानाकोपऱ्यात पोचते आहे.

२६ फेब्रुवारी, बुधवार

मेव्हणीचा फोन. मुलीसाठी पलंग घ्यायचा आहे, कधी घेऊ, तारीख सांगा म्हणाली. मी म्हटलं, पलंगाची वेळच येणार नाही, आम्ही चार टक्के पुढे आहोत. ती म्हणाली, “भाऊजी, टक्के नकोत, तारीख सांगा. माझ्या बहिणीला तुम्ही पंधरा वर्षं नुसता अंदाज सांगत आलात.” मग तिने विचारलं, पोरगी जेवते का नीट.

फोन ठेवल्यावर मुलगी दारात उभी होती. किती ऐकलं कोण जाणे.

“मला मावशीकडे पाठवू नकोस,” ती म्हणाली. “बाकी काय वाटेल ते कर. माझं सगळं इथे आहे.”

एवढं सलग ती बऱ्याच दिवसांनी बोलली. सगळं म्हणजे अर्थात बाप. पोरीला व्यक्त होता येत नाही, माझ्यावर गेली आहे. मी तिला सांगितलं, काळजी करू नकोस, एप्रिलमध्ये सगळं पक्कं होणार. हे सांगताना आवाज चांगला खणखणीत निघाला.

संकल्प: परीक्षेचा फॉर्म उद्याच भरणे.

५ मार्च, बुधवार

फॉर्मची तारीख २८ फेब्रुवारी होती. पुढची परीक्षा डिसेंबरमध्ये. एका दृष्टीने बरंच झालं. घाईघाईत मिळवलेल्या सर्टिफिकेटला वजन नसतं.

सहा टक्के पुढे. साहेब रिपोर्ट हातात घेऊन माझ्या टेबलापाशी आले. म्हणाले, साइटवर फिरलो तर असं वाटत नाही हो, माणसं कमी आहेत, टाइल्स अजून आलेल्या नाहीत, मग पुढे कसे. मी समजावलं, नुसत्या डोळ्यांनी प्रगती कळत नाही, त्यासाठी कर्व्ह, म्हणजे प्रगतीचा आलेख, लागतो. कर्व्ह दाखवला. ते म्हणाले, छान आहे. मग माझ्याकडे बघून विचारलं, तुम्ही बरे आहात ना, झोप लागते ना. मी म्हटलं, उत्तम. मोठ्या पदावरची माणसं आपल्या मुख्य माणसांची अशी विचारपूस करतात.

१२ मार्च, बुधवार

सात टक्के पुढे. आणि मोठी बातमी. आमची प्रगती बघून क्लायंटने उद्घाटनच अलीकडे ओढलं. शाळांची पोहण्याची स्पर्धा आता नव्या तलावात होणार, मेच्या अखेरीस. पत्रकं छापायला गेली. आज स्पर्धेचे लोक येऊन तलावाची लांबी मोजून गेले. तळात अजून सळ्याच आहेत, त्यामुळे त्यांना सळ्यांवरून चालत मोजावी लागली. एकाचा बूट अडकला.

होऊन जाईल आज पहिल्यांदाच काहीतरी वेगळं बोलला. म्हणाला, “मेमध्ये? कोण म्हणालं मेमध्ये?”

मी म्हटलं, शेड्यूल म्हणालं.

तो माझ्याकडे बघत राहिला. आदराने असावं.

२८ मार्च, शुक्रवार

क्लायंटचा रिव्ह्यू ८ एप्रिलला. केस कापून आलो. नवा शर्ट घेतला, मुलीने निवडला. निळा नको म्हणाली, निळा सगळे घालतात. दुकानात बराच वेळ लावला तिने, चार शर्ट माझ्या अंगाला लावून बघितले. तिच्या आईचीही हीच पद्धत होती. मी तिथल्या स्टुलावर बसून राहिलो.

स्लाइड्स चाळीस झाल्या. पाठ करतोय. संभाव्य प्रश्न काढले, उत्तरं काढली. माझ्या अंदाजाने मला विचारतील, की इतकं पुढे कसे गेलात, इतर प्रोजेक्टना काय सल्ला द्याल. सल्ला तीन मुद्द्यांत तयार आहे.

७ एप्रिल, सोमवार

मुलीने विचारलं, उद्या पास झालास तर नक्की ना, नक्की इथेच ना. मी म्हटलं, शंभर टक्के. तिने मैत्रिणीला फोन करून सांगितलं, “झालं गं, राहतेय मी.”

लवकर झोपतो.

८ एप्रिल, मंगळवार, संध्याकाळ

रिव्ह्यू झाला. चर्चा सविस्तर झाली.

क्लायंटकडून त्यांच्या प्लॅनर बाई आल्या होत्या. आवाज इतका बारीक की पंखा बंद करावा लागला. पहिला अर्धा तास शेड्यूलची पानं उलटत राहिल्या. मी सात टक्क्यांची स्लाइड दोनदा दाखवली. मग त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, की साडेआठशे कामांपैकी एकही काम गुरुवारी सुरू होत नाही आणि एकही गुरुवारी संपत नाही, हे कसं.

मी म्हटलं, गुरुवारी सुट्टी असते.

त्यांनी होऊन जाईलकडे बघितलं. तो खुर्चीत सरकला आणि म्हणाला, साइट गुरुवारी चालूच असते, गेल्या गुरुवारी तर तळाचं काँक्रीट केलं. मग बाई साहेबांना शांतपणे समजावून सांगू लागल्या. शेड्यूलमध्ये आठवडा पाच दिवसांचा धरलाय, काम सहा दिवस होतंय. म्हणून दर आठवड्याला तुम्ही पुढे दिसता. मला हे त्यांच्या तोंडून ऐकताना अगदी पटत होतं.

“मग गुरुवारी काय असतं?” त्यांनी मला विचारलं. रागाने नाही. कळावं म्हणून.

“हॉस्पिटल असतं,” मी म्हणालो.

बोलून गेलो. चाळीस स्लाइड्समध्ये हे कुठेच नव्हतं. होऊन जाईल छताकडे बघत बसला. साहेबांनी चहा मागवला, चहा आधीच टेबलावर होता. बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, गुरुवार घालून नवीन शेड्यूल शुक्रवारी पाठवा. दारातून बाहेर पडताना थांबल्या. म्हणाल्या, रंग मात्र छान निवडले आहेत.

कोणी आवाज चढवला नाही. वातावरण शेवटपर्यंत चांगलं होतं.

सल्ल्याचे तीन मुद्दे राहून गेले.

११ एप्रिल, शुक्रवार

काल कँटीनला गेलो नाही. साइटवर गेलो. मिक्सर चालू होता, वेल्डिंग चालू होतं, कोणीतरी रेडिओ लावला होता. गुरुवारची साइट बाकीच्या दिवसांसारखीच असते. मला उगाच वाटत होतं की शांत असेल.

आज कॅलेंडर दुरुस्त केलं. गुरुवारवर एक क्लिक करायची, बस. सकाळी बसलो, दुपारी जेवलो, आणि मग क्लिक केली. सॉफ्टवेअर थोडा वेळ विचारात पडलं. सात टक्के पुढे होतो ते नऊ टक्के मागे गेलो. स्पर्धा जुन्या तलावात होणार. पत्रकं परत छापायला लागतील. साहेबांनी क्लायंटशी फोनवर बोलताना दार लावून घेतलं, पण त्या दाराला खाली फट आहे.

मुलीला अजून सांगितलं नाही. रिव्ह्यू कसा झाला विचारत होती, मी म्हटलं, बाई रंगांवर खूश होत्या.

१४ एप्रिल, सोमवार

साहेबांनी बोलावलं. दार लावायला सांगितलं.

मला वाटलं होतं, शेड्यूलबद्दल बोलतील, त्याचा बचाव मी रविवारभर तयार केला होता. ते बराच वेळ पेपरवेट फिरवत बसले. मग म्हणाले, “तुम्हाला जरा श्वास घ्यायला मिळावा म्हणून आत बसवलं होतं. ते शेड्यूल कोणी वाचेल असं मला वाटलंच नव्हतं.”

मी बचावाचे कागद घडी करून खिशात ठेवले.

पुढे म्हणाले, प्लॅनिंगला आता क्लायंट सांगेल तोच माणूस घ्यावा लागेल. तुम्हाला बोगद्यावर पाठवतो, सिनिअर इंजिनिअर म्हणून. पद मोठं आहे, राहायला एकट्यापुरती खोली आहे, हवा चांगली आहे. आणि डोंगरात गेल्यावर माणसाला जरा बरं वाटतं. मी विचारलं, इथे काही नाही का. ते म्हणाले, इथे फक्त स्टोअर रिकामं आहे, स्टोअरकीपर गावी गेला तो परत आलाच नाही. पण ते तुमच्यासाठी नाही हो, तिथे बारावी झालेला माणूस बसतो.

मी म्हटलं, बसतो मी.

साहेब म्हणाले, विचार करा, एकदा स्टोअरमध्ये गेलात की परत इंजिनिअरिंगकडे वळणं अवघड. करिअर बसेल तुमचं. मी म्हटलं, विचार झाला. खरं तर केला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा शेड्यूल न करता काही ठरवलं आणि ते ठरायला मुळीच वेळ लागला नाही.

नीट पाहिलं तर प्लॅनिंगचा पाया साहित्यच असतं. वर्षभर स्टोअर बघितलं की या विषयात मला कोणी हात धरू शकणार नाही.

१६ एप्रिल, बुधवार

मुलीला सांगितलं. आधी मनात ओळी जुळवल्या होत्या, पण तिने मधेच थांबवलं आणि विचारलं, “म्हणजे इथेच ना?” इथेच, म्हटलं. ती उठली, माझ्या डोक्यावर टपली मारल्यासारखं काहीतरी केलं आणि फोन घेऊन बाहेर पळाली.

मेव्हणीला कळवलं. ती म्हणाली, पलंग आणला होता मी. मग म्हणाली, असू दे, सुट्टीत याल ना दोघे. याल म्हणाली, पाठवाल नाही. मी म्हटलं, येऊ. तिने तारीख विचारली. मी तारीख सांगितली, अंदाज नाही. ती लिहून घेत होती, पेन चालल्याचा आवाज आला.

२१ एप्रिल, सोमवार

स्टोअरचा पहिला दिवस. सिमेंटच्या गोण्यांची रास एका बाजूला कलली आहे, ती सरळ करायला हवी. होऊन जाईल पाइपचे बेंड घ्यायला आला. मी म्हटलं, मिळून जातील. तो हसला. तो हसतो हे मला माहीत नव्हतं.

स्टोअर पाचला बंद होतं. बंद म्हणजे बंद. साडेपाचला मी घरी. इतक्या वर्षांत उजेडात घरी आलो नव्हतो. वाटेत ठरवलं, आता रोज संध्याकाळ मुलीसोबत. तिचा अभ्यास घ्यायचा, फिरायला जायचं, जेवण मिळून करायचं. तिने माझ्याजवळ राहायचा हट्ट धरला, तिला बापाचा सहवास मिळालाच पाहिजे.

दार उघडलं तर गाणं इतकं मोठं की जिन्यातच कळायला हवं होतं. सोफा भिंतीला लावलेला, टेबल उभं करून ठेवलेलं, आणि हॉलमध्ये मुलगी आणि चार मैत्रिणी, हात वर करून, एका पायावर. मला बघून पाचही जणी तशाच थांबल्या. कोणीतरी गाणं बंद केलं.

“बाबा, तू? आत्ता?” मुलगी म्हणाली.

डान्सचा ग्रुप आहे त्यांचा. दोन वर्षं झाली. रोज आमच्याच घरी प्रॅक्टिस असते, कारण बाकी सगळ्यांच्या घरी कोणी ना कोणी असतं. हे मला एका मैत्रिणीने सांगितलं, अगदी अदबीने, काका काका करत. मुलगी तिच्याकडे डोळे वटारून बघत होती.

मी म्हटलं, चालू द्या. त्यांनी चालू केलं, पण हळू. मी दिसत होतो तोवर कोणाचे पाय उचलेनात. म्हणून स्वयंपाकघरात आलो आणि दार लोटलं. आता ओट्यापाशी बसून हे लिहितोय. आवाज थोडा वाढला आहे.

थोड्या वेळाने मुलगी चहा घेऊन गेली चौघींसाठी, आणि एक कप माझ्यापुढे ठेवला. घामाने केस कपाळाला चिकटलेले. अशी हसताखेळताना मी तिला कधी बघितलं होतं, आठवायला लागेल. जाता जाता विचारलं, उद्यापण इतक्या लवकर?

रोज, मी म्हटलं.

ती दाराला धरून उभी राहिली. मग म्हणाली, “किती वाजता नक्की? साधारण नको सांगूस.”

साडेपाच, मी म्हटलं.

तिने मान बाहेर काढून मैत्रिणींना ओरडून सांगितलं, उद्यापासून सव्वापाचला संपवायचं.

दमून येतो बाप, त्याला घर शांत मिळावं, एवढं कळतं पोरीला. मी आपला उद्या स्टोअर बंद केल्यावर थोडा वेळ तिथेच बसेन. गोण्यांची रास तशीही सरळ करायची आहे. सहापर्यंत करेन. साडेसहा.